आधी रँक, मग पैसे?

‘साइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून दाखवा, मग म्हणाल तेवढे पैसे देतो, असं क्लायंट म्हणतोय. काम घेऊ का?’ एसईओची कामं स्वतंत्रपणे करणाऱ्या वाचकांकडून हा प्रश्न सतत येतो. विचारणाऱ्यांत एजन्सीतली नोकरी नुकतीच सोडलेले असतात, कॉलेज सांभाळून कामं घेणारे असतात आणि या धंद्यात मुरलेले असूनही ‘या वेळी पार्टी मोठी आहे’ म्हणून डळमळलेलेही असतात.

उत्तर आधीच सांगून टाकतो. सगळे पैसे निकालावर ठेवणारं काम घेऊ नका. निकाल म्हणजे रँकिंग असेल, तर बोनसपुरतंही घेऊ नका. मात्र तुमचा खर्च भागेल एवढी ठरलेली फी दरमहा मिळणार असेल आणि वरचा हिस्सा चौकशा किंवा बुकिंग अशा मोजता येणाऱ्या गोष्टीवर असेल, तर जरूर विचार करा. काही वेळा हा व्यवहार साध्या रिटेनरपेक्षा फायद्याचा पडतो.

क्लायंट असं का मागतो?

बहुतेकदा तो आधी पोळलेला असतो. कोणाला तरी वर्षभर दरमहा पैसे मोजून त्याच्या हाती रंगीत आलेखांच्या पीडीएफ पडलेल्या असतात. त्यामुळे मागणी ऐकून लगेच रागावू नका. पण तो नेमकं काय सुचवतोय तेही ओळखा. बटाईने जमीन देणारा मालक निदान जमीन तरी देतो, कित्येकदा बी-खताचा निम्मा खर्चही उचलतो. इथे बी तुमचं, खत तुमचं, राबायचंही तुम्ही, आणि पीक आलं की नाही हे ठरवणार मात्र तो.

रँकिंगवर पैसे का ठरवू नयेत?

पहिलं कारण खुद्द गूगलच देतं. गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं एसईओ नेमू पाहणाऱ्या व्यावसायिकांसाठी असलेल्या गूगलच्या मदत-पानावर लिहिलेलं आहे. बदल केल्यानंतर फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असंही गूगल सांगतं. हे पान क्लायंटला पाठवा. तुमच्या तोंडून आलं तर ती सबब वाटते, गूगलकडून आलं की पटतं.

दुसरं कारण, पायाखालची जमीन सरकत राहते. गूगल वर्षातून अनेकदा आपल्या क्रमवारीत मोठे बदल करतं. मार्च २०२४ चा बदल पूर्ण व्हायला ४५ दिवस लागले. तुमची सहा महिन्यांची मुदत अशाच काळात संपत असेल तर? शिवाय ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या वर एआयने लिहिलेली उत्तरं दिसू लागली. क्रमांक तोच राहून क्लिक घटल्याचं अनेक साइटवाल्यांनी अनुभवलंय. म्हणजे तुम्ही रँक आणलीत तरी क्लायंटचा गल्ला भरेलच असं नाही, आणि गल्ला भरला नाही की तो पैसे द्यायला कुरकुरणार.

तिसरं कारण मोजमापाचं, आणि भांडणं बहुतेक इथेच होतात. समजा, चिंचवडमधल्या फर्निचरच्या दुकानाचं काम तुम्ही घेतलंय. मालक रविवारी हडपसरला सासुरवाडीत जेवून सोफ्यावर टेकतात, फोनवर ‘फर्निचर शॉप निअर मी’ टाकतात, आणि तुम्हाला स्क्रीनशॉट येतो : ‘आपण कुठेच नाही!’ स्थानिक निकालांत अंतर हा गूगलचा एक मुख्य निकष आहे, त्यामुळे हडपसरमध्ये चिंचवडचं दुकान न दिसणं हेच बरोबर. तुमच्या सर्च कन्सोलमध्ये सरासरी स्थान ३.२ दिसत असतं. ती सरासरी आहे, वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या फोनवरच्या शोधांची. दोघंही खरं बोलताय आणि पैसे मात्र अडकलेत.

चौथं कारण तुमच्या स्वतःच्या मोहाचं. मुदत जवळ आली की विकतच्या बॅकलिंक, खोटे रिव्ह्यू, बिझनेस प्रोफाइलच्या नावात कोंबलेले कीवर्ड हे सगळं ‘एकदाच’ करून टाकावंसं वाटतं. फेब्रुवारी २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकी दुकान-साखळीच्या बाबतीत विकतच्या लिंकचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं. गूगलची कारवाई झाली आणि एका शोधशब्दावर पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेली. कंपनीने आपल्या एसईओ फर्मला काढून टाकलं. क्लायंट लहान असला तरी शेवट असाच होतो.

आणि ‘रँकची गॅरंटी’ देणारे काही जण कसं निभावतात, तेही ठाऊक असू द्या. कोणी शोधतच नाही असं लांबलचक वाक्य निवडायचं, त्यावर पहिलं यायचं आणि बिल लावायचं. तुम्हाला हे करायचं नाही. पण क्लायंट तुमच्याकडेही त्याच नजरेने बघत असेल, एवढं लक्षात ठेवा.

हो म्हणण्याआधी काय तपासाल?

- सर्च कन्सोल. भाव सांगण्याआधी त्याचा प्रवेश मागा. त्यात मागच्या १६ महिन्यांची आकडेवारी असते, म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करता येते. साइट तिथे जोडलेलीच नसेल, तर आज जोडा आणि बोनसाची बोलणी तीन महिन्यांनी करा. आधीचा आकडाच नसेल तर वाढ कशावर मोजणार?
- मॅन्युअल अॅक्शन. सर्च कन्सोलमध्येच हा अहवाल असतो. आधीच्या माणसाने करून ठेवलेल्या उद्योगांची शिक्षा साइट भोगत असेल, तर निकालावर काम अजिबात नको. ती साफसफाई वेगळी, ठरलेल्या फीची.
- डोमेन आणि होस्टिंग कोणाच्या नावावर आहे? ‘आमचा डेव्हलपर बघतो’ असं उत्तर आलं, तर त्या डेव्हलपरशी एकदा बोला. तो एक बदल करायला तीन आठवडे लावत असेल, तर तुमचा निकाल त्याच्या हातात आहे.
- साइटवरच्या नंबरवर स्वतः फोन करून बघा. दुपारी अडीचला करा. उचलला नाही, परत फोन आला नाही, तर त्या धंद्याला चौकशा आणून देऊन तुमचा बोनस सुटणार नाही.

मग निकाल कोणता धरायचा?

काही गोष्टी खरंच तुमच्या हातात असतात. पान उघडण्याचा वेग घ्या. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसणं, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळणं आणि पानाची हालचाल ०.१ च्या आत राहणं, असे गूगलचे ठरलेले निकष आहेत. हे काम ‘निकष गाठले की पैसे’ या बोलीवर घ्यायला हरकत नाही, बदल करण्याची मोकळीक तुम्हाला असेल तर. फक्त प्रत्यक्ष वापरकर्त्यांचे आकडे मागच्या २८ दिवसांचे एकत्र दिसतात, म्हणून तपासणी काम संपल्यावर महिनाभराने ठेवा.

ट्रॅफिकवर ठरवायचं असेल तर क्लायंटचं नाव टाकून आलेले क्लिक वगळा. दुकानाचं नाव शोधणारा माणूस तुम्ही आणलेला नसतो. हे वगळण्याची गाळणी सर्च कन्सोलमध्ये आहे.

विक्रीतला टक्का ऐकायला गोड वाटतो. पण भाव, माल, वागणूक, परतावा यांपैकी काहीच तुमच्या हाती नसतं, आणि त्याची खरी विक्री तुम्हाला कधी दिसणारही नाही. ऑनलाइन दुकान असेल आणि ऑर्डरचा हिशेब तुम्हाला थेट बघता येत असेल तरच या वाटेला जा.

सगळ्यात बरा निकाल म्हणजे पात्र चौकशी. उदाहरण म्हणून गुहागरचं सहा खोल्यांचं होमस्टे घेऊ. चौकशी म्हणजे काय, हे आधी लिहून काढा : साइटवरच्या फॉर्मवरून, व्हॉट्सअॅप बटणावरून किंवा साइटवरच्याच नंबरवर आलेली, तारीख आणि माणसं किती हे विचारणारी, मालकाच्या ओळखीबाहेरच्या माणसाची विचारणा. एकाच नंबरवरून महिन्यात तीनदा फोन आला तरी चौकशी एक. ‘खोली बंद आहे’ म्हणून मालकाने परत पाठवलेला माणूसही चौकशीत धरायचा, कारण तुम्ही तो आणलात. मेकमायट्रिप किंवा एअरबीएनबीवरून आलेले, गेल्या मे महिन्यात राहून गेलेले आणि मालकाच्या मेव्हण्याचे मित्र धरायचे नाहीत.

मोजण्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. साइटसाठी वेगळं सिमकार्ड घ्यायला सांगा, तो नंबर दुसरीकडे कुठेही छापायचा नाही. व्हॉट्सअॅप बटणात ‘नमस्कार, वेबसाइट पाहिली, खोलीची चौकशी करायची आहे’ असं वाक्य आधीच भरून ठेवा, म्हणजे आलेला मेसेज कुठून आला हे मालकालाही दिसतं. दर सोमवारी दोघांनी मिळून आठवड्याची यादी पक्की करायची. महिनाअखेरीला शंभर ओळींवर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

मोसमाचा घोळ विसरू नका. कोकणात दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना सोडला तर गर्दी ओसरते, पावसाळ्यात तर फारच. जानेवारीची तुलना मे महिन्याशी केलीत तर बोनस फुकटचा पडेल, आणि मे महिन्याची जुलैशी केलीत तर केलेलं काम वाया. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची.

हिशेब मांडून बघा

समजा तुमची नेहमीची फी महिना १५,००० आहे, म्हणजे सहा महिन्यांचे ९०,०००. क्लायंट म्हणतो, ‘जमलं तर दीड लाख.’ ऐकायला ६०,००० जास्त. पण जमण्याची शक्यता निम्मी धरली, तर हातात सरासरी ७५,००० येतात, नेहमीपेक्षा कमीच. नुसती बरोबरी व्हायला १,८०,००० हवेत. त्यात सहा महिने पदरमोड करून टूलची वर्गणी आणि लेखन करणाऱ्याचे पैसे भरायचे, ते वेगळंच. निव्वळ निकालाचं काम दुपटीच्या खाली घेणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

आता तेच होमस्टे मिश्र पद्धतीने मांडू. ठरलेली फी महिना ९,०००. मागच्या वर्षी त्या महिन्यात साइटवरून २० चौकशा होत्या, त्यावरच्या प्रत्येक पात्र चौकशीला ३००. या वर्षी ४४ आल्या, तर २४ चौकशांचे ७,२००, एकूण १६,२००. मालकाच्या बाजूने बघा : २४ पैकी सहा जणांनी दोन-दोन रात्री ३,००० च्या दराने खोली घेतली, तरी ३६,००० वाढीव आले. दोघांनाही परवडतं. त्याच्या बाजूने परवडत नसेल तर असा सौदा फार टिकत नाही, म्हणून त्याचाही हिशेब तुम्हीच मांडून दाखवा.

ठरलेली फी किती असावी? तुमचा रोख खर्च आणि निम्म्या तासांचे पैसे त्यातून निघालेच पाहिजेत. त्याखाली उतरायचं नाही.

लेखी काय हवं?

स्टॅम्प पेपरवर अडून बसू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०-अ नुसार, ईमेलवर झाला एवढ्याच कारणाने करार अमान्य ठरत नाही. अटी ईमेलमध्ये लिहा आणि समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. फोनवरच्या ‘हो हो, बघू’ला काही किंमत नाही. त्या ईमेलमध्ये हे हवंच :

- सुरुवातीचा आकडा, तो कोणत्या अहवालातून घेतला आणि वाद झाल्यास कोणता अहवाल अंतिम.
- क्लायंटने काय, किती दिवसांत द्यायचं : लॉगिन, फोटो, मजकुराला मंजुरी. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजुरी मिळाली असं धरलं जाईल.
- क्लायंटने साइट बदलली, डोमेन हलवलं, दुसरा एसईओवाला लावला किंवा धंदा बंद ठेवला, तर त्या काळातला बोनस मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने.
- काम मध्येच थांबवलं तरी पुढचे तीन महिने येणाऱ्या चौकशांवर बोनस. हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. एसईओचं फळ उशिरा येतं, आणि पाचव्या महिन्यात ‘आता आम्ही बघतो’ म्हणणारे क्लायंट असतात.
- बिल दर महिन्याच्या पाच तारखेला, पैसे पंधरा दिवसांत, जीएसटी लागू असल्यास वेगळा.
- तुम्ही लिहिलेला मजकूर पैसे चुकते झाल्यावर क्लायंटच्या मालकीचा.
- रँकिंगची हमी नाही, हे एक स्वतंत्र वाक्य.

डॉक्टर आणि वकील

यांच्याशी ‘पेशंटमागे इतके’ किंवा ‘अशिलामागे इतके’ असा सौदा करू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण मिळवून देण्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना निषिद्ध आहे. वकिलांना तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार काम मिळवण्यासाठी जाहिरातच करता येत नाही, साइटवर मर्यादित माहिती ठेवायला परवानगी आहे. (गंमत म्हणजे खटल्याच्या निकालावर फी ठरवायलाही वकिलांना मनाई आहे.) अशा कामांना ठरलेली फी घ्या.

उलट प्रस्ताव कसा द्यायचा?

भीड ही भिकेची बहीण. नकार देण्यापेक्षा पर्याय पुढे करा. असा मेसेज चालेल :

‘सर, निकालाशी माझे पैसे जोडायला मी तयार आहे. पण रँक गूगलच्या हातात असते, त्यामुळे ती धरत नाही. दरमहा ठरलेली फी आणि मागच्या वर्षीपेक्षा जास्त आलेल्या प्रत्येक चौकशीवर बोनस, असं करू. तीन महिन्यांनी तुम्हाला फरक दिसला नाही, तर पंधरा दिवसांच्या नोटिशीने तुम्ही थांबवू शकता.’

यावरही ‘आधी दाखवा’ असंच उत्तर आलं, तर काम सोडा. ज्याला महिना ९,००० जड जातात, तो दीड लाख देणार नाही.

परदेशी क्लायंटसाठी पुढे दिलेलं कायद्याचं संरक्षण कामाचं नाही. तिथे अपवर्कसारख्या ठिकाणी टप्प्याचे पैसे आधी जमा झाल्याशिवाय हात लावू नका.

तुमचे हक्क कधी सुरू होतात?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३१ आणि ३२ नुसार, पुढे घडेल-न घडेल अशा घटनेवर बेतलेला करार ती घटना घडल्याशिवाय अंमलात आणता येत नाही. म्हणजे सगळं निकालावर ठेवलंत, तर निकाल येईपर्यंत तुमची कायदेशीर थकबाकी शून्य. ठरलेली फी असेल, तर प्रत्येक बिलाबरोबर हक्क उभा राहतो. दरमहाची छोटी रक्कम मागण्यामागचं हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आहे. मात्र क्लायंटनेच लॉगिन न देऊन तुमचं काम अडवलं, तर कलम ५३ नुसार तुम्ही करार मोडून भरपाई मागू शकता. म्हणून लॉगिनच्या आठवणी फोनवर देऊ नका, ईमेलवर द्या.

दुसरं, काम घेण्याआधी उद्यम नोंदणी करा. ती एकट्या माणसालाही करता येते, सरकारी पोर्टलवर मोफत होते. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. नोंदणी असली की २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो :

- पैसे देण्याची लेखी मुदत असली तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस.
- काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं मानलं जातं.
- उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.
- तक्रार याच कायद्याखाली नेमलेल्या, तुमच्या भागातल्या सुविधा परिषदेकडे, क्लायंट दिल्लीचा असला तरी.

शिवाय सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च क्लायंटला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा करता येतो. त्याच्या सीएला हे पक्कं ठाऊक असतं. मार्चमध्ये आठवण करून द्या.

पैसे अडकलेच तर

आधी बिल, करार आणि मान्य झालेल्या याद्या जोडून एक थंड डोक्याने लिहिलेला ईमेल, सात दिवसांची मुदत देऊन. मग उद्यम नोंदणीच्या आधारे परिषदेकडे ऑनलाइन अर्ज. रक्कम मोठी असेल आणि लेखी करार असेल, तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली झटपट दावा, हाही मार्ग आहे. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुढे पुरावा म्हणून लागेल, चॅट पुसू नका आणि फोन बदलताना बॅकअप घ्या.

एक गोष्ट मात्र रागाच्या भरात करू नका. लॉगिन तुमच्याकडे आहे म्हणून साइट बंद पाडणं, पानं गूगलमधून काढणं, मालकाचाच पासवर्ड बदलणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्ह्यात मोडू शकतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग थकबाकीदार तो राहतो आणि आरोपी तुम्ही होता. काम थांबवा, थांबवल्याची तारीख ईमेलने कळवा, सर्च कन्सोलचे शेवटचे अहवाल उतरवून ठेवा आणि लॉगिन परत करा.